दोष माझ्या हातात नव्हता

रायफल माझ्या मापाने बांधून घ्यायची असं मी नेमबाजीच्या क्लबात सांगितलं तेव्हा आमचे प्रशिक्षक हसले. कुत्सितपणे नाही, पण हसले. "ओकुसान, छंदासाठी एवढं कशाला?" ते म्हणाले. ओकुसान म्हणजे कुणाची तरी पत्नी. क्लबातल्या बाकी सगळ्यांना ते आडनावाला आदरार्थी सान लावून हाक मारायचे. मी एकटी ओकुसान.

"छंद नाही. मला स्पर्धेत उतरायचंय," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी मान कलती केली आणि तोंडाने हवा आत ओढली. जपानमध्ये चार वर्षं काढल्यावर त्या आवाजाचा अर्थ मला कळत होता. न उच्चारलेलं 'नाही' होतं ते.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे लग्नानंतर मी तोक्योला आले आणि ओजिमातल्या सरकारी वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहू लागले. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत मी एअर रायफल चालवायला शिकले होते, नंतर दोन वर्षं विद्यापीठाच्या संघात होते. लग्न ठरलं तेव्हा आईने माझी पदकं बिस्किटांच्या डब्यात भरली आणि माळ्यावर टाकली. "झालं ना आता?" ती म्हणाली. झालेलं नव्हतं.

जपानमध्ये साधी एअर रायफल जवळ बाळगायची तर पोलिसांचा परवाना लागतो. त्यासाठी दिवसभराचा वर्ग, मग लेखी परीक्षा, सगळं जपानीतून. पहिल्या वेळी मी नापास झाले, कारण प्रश्न वाचेपर्यंतच वेळ संपली. दुसऱ्या वेळी पास झाले. मग डॉक्टरांचा दाखला, मग भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं लोखंडी कपाट. शेवटी एक पोलीस घरी येऊन सगळं पाहून गेला आणि जाताना शेजारच्या बाईंना विचारून गेला, की हे नवराबायको भांडतात का? शेजारीण म्हणाली, "भांडण नाही ऐकू येत. रोज सकाळी शिट्ट्या मात्र ऐकू येतात." कुकरच्या शिट्ट्या कसल्या असतात, हे त्या पोलिसाला मी स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

परवान्याची एक अट पुढच्या गोष्टीसाठी सांगायला हवी. परवाना बंदुकीगणिक आणि माणसागणिक असतो. माझी रायफल मीच चालवायची. नवऱ्यानेसुद्धा हात लावायचा नाही. क्लबातल्या दुसऱ्या कुणी 'बघू जरा' म्हणून एक गोळी झाडली, तरी दोघांचेही परवाने जायचे. फक्त परवानाधारक कारागिराला आपल्या कारखान्यात ती हाताळता येते.

सुरुवातीला माझ्याकडे एक जुनी, वापरलेली रायफल होती. कुणा रुंद खांद्याच्या माणसासाठी बनवलेली. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मला इतका लांब पडायचा की मी खांदा पुढे काढून, मान वाकडी करून नेम धरायचे. तरीही माझं ग्रुपिंग चांगलं होतं. ग्रुपिंग म्हणजे एकाच जागी नेम धरून झाडलेले पाच छर्रे टार्गेटवर एकमेकांच्या किती जवळ पडतात ते. दहा मीटरवरून माझे पाच छर्रे हरभऱ्याच्या दाण्याएवढं एकच भोक पाडायचे. मान मात्र आठवडाभर दुखायची.

म्हणून मी फुनाबोरीला रायफली बनवणाऱ्या कारागिराकडे गेले. ओजिमाहून दोन स्टेशनं, मध्ये गाडी जमिनीखालून वर येते आणि पुलावरून नदी ओलांडते. सत्तरीच्या घरातला माणूस. दुकानाच्या मागेच त्याचा कारखाना होता. सगळा क्लब त्याच्याकडूनच कामं करून घ्यायचा. तो मला ओकुसान म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. शिंप्यासारखी टेप काढली आणि माझी मापं घेतली. कोपरापासून बोटापर्यंत, गालापासून खांद्यापर्यंत, पंजाचा घेर. मग मातीच्या एका गोळ्यावर माझी मूठ आवळून घेतली आणि ठसा फळीवर ठेवला. नळी आणि यंत्रणा परदेशी बनावटीची, तिला माझ्या मापाचा अक्रोडाचा दस्ता तो स्वतः कोरून बसवणार होता. चार महिन्यांनी रायफल तयार झाली. दस्ता इतका सुंदर की पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. गाल ठेवला, तर नेम धरायची साइट बरोबर डोळ्यासमोर. मान सरळ. मूठ माझी. आयुष्यात पहिल्यांदा एखादं यंत्र माझ्यासाठी बनलं होतं. जुनी रायफल त्याच दिवशी दुकानात परत दिली. परवान्यावर तिचा नंबर खोडला गेला आणि नवीचा चढला.

आणि पुढच्या रविवारी मी पाच छर्रे झाडले, तर ते एक येनच्या नाण्याखालीसुद्धा झाकले जाईनात.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. नवी रायफल आहे, हात बसायला वेळ लागतो. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी प्रशिक्षक माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझे पाय पाहिले, कोपर पाहिलं, श्वास ऐकला. "तुम्ही ट्रिगर ओढता आहात," ते म्हणाले. "दाबायचा असतो."

"मी दाबतेच आहे."

"दोष हातात असतो, ओकुसान. हातात नसेल तर मनात असतो. घरी काही काळजी?"

मी म्हटलं, काळजी एवढीच की छर्रे पसरताहेत.

वॉर्डच्या क्रीडा केंद्राच्या तळघरात आमची रेंज होती. जपानी माणसं तोंडावर टीका करत नाहीत असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. ती सल्ला देतात. त्या महिन्यात मला प्रत्येकाने सल्ला दिला. एकाने जाड तळाचे बूट सांगितले. एकाने कॉफी सोडायला सांगितली. एका तरुणाने अत्यंत नम्रपणे विचारलं, की तुमच्या जेवणातल्या मसाल्यांमुळे नाडी जलद चालत असेल का? मी म्हटलं, मसाले मी पुण्यातही खात होते आणि तिथे राज्य पातळीवर चौथी आले होते. तो बिचारा लाल झाला. पण नंतर कुणी माझ्याशी मसाल्यांबद्दल बोललं नाही, हे बरं झालं.

घरी मी नवऱ्याला टार्गेटचे कागद दाखवायचे. तो संगणकाचा माणूस. "अगं, एकावेळी एकच गोष्ट बदल," तो म्हणाला. "आम्ही चूक शोधताना तेच करतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने काय झालं ते कळत नाही."

म्हणून मी नोंदींची वही सुरू केली. एका रविवारी फक्त छर्रे बदलले. वेगवेगळ्या डब्यांतले चार प्रकार, प्रत्येकाचे पाच-पाच ग्रुप. सगळेच पसरले. पुढच्या रविवारी साइटचे स्क्रू तपासले. घट्ट होते. त्याच्या पुढच्या वेळी नळी साफ केली, तिचं तोंड कापसाने पुसून पाहिलं, की कुठे धार उठलेली असेल तर कापसाचा धागा अडकेल. अडकला नाही. मग जॅकेट बदललं, मग उभं राहण्याची पद्धत. मग टेबलावर उशी ठेवून, बसून, रायफल उशीवर टेकवून झाडली. त्यात शरीराची चूक जवळजवळ उरतच नाही. तरी छर्रे पसरले.

पण बसून झाडल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. छर्रे कसेही पसरत नव्हते. ते दोन ठिकाणी पडत होते. तीन एका जागी, अगदी जवळजवळ. दोन उजवीकडे वर, तेही एकमेकांना चिकटून. मधली जागा कोरी.

मी तो कागद प्रशिक्षकांना दाखवला. "हे बघा. माझा हात हलत असता, तर छर्रे सगळीकडे गेले असते. दोनच जागी कसे जातील? काहीतरी दोन जागी बसतंय. हातात नाही, रायफलीत."

त्यांनी कागद हातात घेतला, पाहिला, परत दिला. "सेन्सेईंनी बनवलेल्या रायफलीत?" ते म्हणाले. कारागिराला ते सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. "तीस वर्षं ते या क्लबासाठी रायफली बनवताहेत. एकही तक्रार आलेली नाही."

"मग ही पहिली," मी म्हणाले.

नवरा म्हणतो, हे वाक्य तू नसतं बोललीस तरी चाललं असतं. मला आजही तसं वाटत नाही.

मी फुनाबोरीला गेले. कारागिराने वही लक्षपूर्वक वाचली, माझं जपानी अक्षर लागलं नाही तिथे विचारलं. मग रायफल आत नेली. तासाभराने बाहेर आला, तेव्हा हातात टार्गेटचा कागद होता. त्यावर मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं एकच भोक. पाच छर्रे. "लोखंडी पकडीत धरून झाडले," तो म्हणाला. "रायफल ठीक आहे."

मी त्या भोकाकडे पाहत राहिले.  त्याने अपमान केला नाही, उलट चहा दिला. म्हणाला, जूनचा पावसाळी महिना आहे, लाकूड जरा फुगतं, ऑगस्टपर्यंत थांबा. मी कागद पिशवीत घातला. परतीच्या गाडीत पहिल्यांदा मला वाटलं, की खरंच माझ्यातच काही बिघडलं असेल. चार वर्षं परक्या देशात घर चालवून, खुणा करून भाजी घेऊन, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा ते पाठ करून माझ्या हातातलं काहीतरी गेलं असेल.

त्या कागदाची बातमी प्रशिक्षकांपर्यंत माझ्याआधी पोचली होती. पुढच्या रविवारी शरद ऋतूतल्या स्पर्धेसाठी क्लबातर्फे जाणाऱ्यांची यादी फळ्यावर लागली होती. माझं नाव नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, "पुढच्या वर्षी, ओकुसान. मन शांत झालं की."

त्या दिवशी माझ्या शेजारच्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ग्योतोकुहून यायचे. निवृत्त शिक्षक. क्लबात त्यांच्याशीच काय ते माझं बोलणं व्हायचं, कारण ते सावकाश, सोपं जपानी बोलायचे. ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. माझे तर डोळेच गेले. मागच्या वर्षी नवी रायफल घेतली, तेव्हापासून पाहतोय, जमत नाही. वय झालं. डिसेंबरात परवाना परत करणार." एवढं बोलून त्यांनी बॅग बंद केली. मी स्वतःच्याच दुःखात होते. त्यांच्या वाक्यातलं 'नवी रायफल' मला ऐकूसुद्धा आलं नाही.

मग एका संध्याकाळी कुकरची मूठ निसटली.

पुण्याहून आणलेला पाच लिटरचा कुकर. त्याच्या मुठीचा स्क्रू झिजला होता, म्हणून नवऱ्याने स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणला आणि बसवला. मी कुकर उचलला, तर मूठ हलत होती.

"नीट आवळला नाहीस," मी म्हणाले.

"अगं, पूर्ण आवळलाय. हे बघ, पुढे जातच नाही." त्याने जोर लावून दाखवला. स्क्रू तसूभर फिरेना. आणि मूठ हलत होती.

मी कुकर हातात घेतला. स्क्रू काढला. जुन्याशेजारी ठेवला. नवा जरासा लांब होता. किती, तर दोन आटे. तो भोकाच्या तळाला जाऊन टेकत होता, म्हणून हाताला घट्ट लागत होता. पण त्याचं डोकं मुठीपर्यंत पोचतच नव्हतं. स्क्रू घट्ट होता आणि मूठ सैल होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"टॉर्च आण," मी म्हणाले. "आणि कपाटाजवळ ये. पण हात लावू नकोस."

मी रायफल काढली, ओट्यावर पंचा घालून त्यावर ठेवली. यंत्रणा आणि दस्ता दोन स्क्रूंनी जोडलेले असतात, एक पुढे, एक मागे. कारागिराने मूळचे स्क्रू काढून स्वतः घडवलेले सुंदर पितळी डोक्याचे स्क्रू घातले होते. पुढचा मी किल्लीने आवळून पाहिला. घट्ट. तसूभर फिरेना. मग मी दिनदर्शिकेच्या पानाची पातळ पट्टी कापली आणि पुढच्या स्क्रूजवळ धातू आणि लाकूड यांच्या फटीत सरकवली. ती आत गेली. सहज गेली. जिथे केसही जायला नको, तिथे कागद मागे-पुढे फिरत होता. नवरा टॉर्च धरून वाकला होता, म्हणाला, "अरे!"

स्क्रू काढल्यावर आत लाकडावर एक बारीक, चमकदार, घासल्याची रेघ दिसली. धातू तिथे सरकत होता. माझ्या रायफलीत प्रत्येक छर्ऱ्यासाठी बाजूची दांडी ओढून हवा दाबावी लागते. दर वेळी दांडी ओढली की यंत्रणा लाकडात किंचित सरकायची, कधी या जागी बसायची, कधी त्या. म्हणून दोन पुंजके. आणि कारागिराच्या लोखंडी पकडीत ते दिसलं नाही, कारण त्याने पकडीत नळी धरली होती, धातू धरला होता. मी लाकूड धरते. माणूस रायफल लाकडानेच धरतो.

मी जमिनीवर बसले आणि हसायला लागले. नवऱ्याला वाटलं रडतेय. थोडं तेही असेल.

बिअरच्या रिकाम्या डब्याचा पत्रा नखं कापायच्या कात्रीने कापून मी चार बारीक चकत्या केल्या आणि स्क्रूच्या डोक्याखाली घातल्या. आवळला. आता कागदाची पट्टी अडकली, आणि ओढली तर फाटली.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी रेंजवर गेले. प्रशिक्षक आले, तेव्हा पहिला कागद टांगलेला होता. एकच भोक, हरभऱ्याएवढं. उभं राहून झाडलेलं.

"अरे वा," ते म्हणाले. "आज मन शांत आहे."

"मन तेच आहे," मी म्हणाले. "पाच मिनिटं द्या मला. इथेच उभे राहा."

मी त्यांच्यासमोर स्क्रू काढला, पत्र्याच्या चकत्या काढून टेबलावर ठेवल्या, स्क्रू परत आवळला. पाच छर्रे झाडले. दोन पुंजके. चकत्या घातल्या. पाच झाडले. एक भोक. पुन्हा काढल्या. दोन पुंजके. असं चालू ठेवलं, तोवर बाकीचे जमा झाले होते.   चौथ्यांदा चकत्या घालताना मी प्रशिक्षकांना म्हणाले, "आता सांगा. माझं मन दर पाच मिनिटांनी शांत आणि अशांत होतंय का?"

त्यांनी सगळे कागद एकेक करून पाहिले. मग मला जरा बाजूला घेऊन गेले. "कळलं," ते म्हणाले. "माझी चूक झाली. पण एक विनंती आहे. सेन्सेईंना हे सांगू नका. चकत्या आहेतच, काम भागतंय. त्यांचं वय झालंय. त्यांना फार लागेल."

मला माहीत होतं, त्यांनी हे मनापासून म्हटलं. तिथे असं करतात. वडीलधाऱ्याची चूक सगळे मिळून पोटात घालतात, आणि ज्याच्या वाट्याला ती येते तो गप्प बसतो. आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? पुण्यातल्या घरातही अशा पोटात घातलेल्या चुका कितीतरी होत्या, आणि त्या बहुतेक बायकांच्याच पोटात होत्या. मी म्हटलं, "चार महिने मला सगळ्यांनी सांगितलं, की दोष माझ्या हातात आहे. तेव्हा मला लागेल असं कुणाला वाटलं नाही."

"ते वेगळं..."

"वेगळं नाही. मी आजच जाणार आहे."

कारागीर दुकान बंद करायच्या बेतात होता. मी काउंटरवर रायफल ठेवली, आठ कागद मांडले, शेजारी चकत्या, आणि दिनदर्शिकेच्या पानाची पट्टी. स्पष्टीकरण मी गाडीत जपानीत पाठ केलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. पट्टी पाहताच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने रायफल उचलली. ती पकडीत न लावता, दस्त्याने हातात धरून, अंगठा धातू आणि लाकडाच्या सांध्यावर ठेवून त्याने स्क्रू हळूहळू सैल केला, मग आवळला. सांध्यावरचा अंगठा काढला नाही. मग स्क्रू बाहेर काढून मोजला, आणि खुर्चीवर बसला.

"मी पकड तपासली," तो म्हणाला. "तुमची रायफल तपासलीच नाही." मग उठून मला वाकून नमस्कार केला. मला कसंतरीच झालं. सत्तर वर्षांचा माणूस. मीही वाकले. आम्ही दोघं तसेच एकमेकांसमोर वाकून उभे, कुणी आधी सरळ व्हायचं ते कळेना.

त्याने माझ्यासमोर स्क्रू कानशीने घासला, मोजला, पुन्हा घासला, बसवला. मग भिंतीवरची जुनी वही काढली. माझ्या स्क्रूबरोबर, त्याच सळीतून, त्याने आणखी काही स्क्रू आदल्या वर्षी घडवले होते. तीन रायफलींत घातले होते. त्याने फोन उचलला आणि मी तिथे उभी असतानाच पहिला नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाचं आडनाव मी ओळखलं. ग्योतोकुचे निवृत्त शिक्षक.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ रेंजवर आले. स्क्रू बदलून झाला होता. त्यांनी पाच छर्रे झाडले, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा पाच झाडले. मग टार्गेट जवळ आणून बोटाने ते भोक चाचपलं. मला म्हणाले, "माझे डोळे तर आहेत अजून." त्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने सांगून ठेवलं होतं, म्हणे, की बरं झालं, आता रविवारी बागेचं काम होईल. ते काम त्या वर्षी झालं नाही. डिसेंबरात त्यांनी परवाना परत केला नाही.

क्लबात मात्र माझी जागा बदलली. कुणी वाईट वागलं नाही. पण सरावानंतर सगळे मिळून नूडल्स खायला जात, तेव्हा मला बोलवायचं राहून जाऊ लागलं. सेन्सेईंना त्या बाईने तोंडावर सांगितलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतः सेन्सेईंनी ते वाईट मानलं नव्हतं, उलट त्यांच्या दुकानात आता पकडीच्या शेजारी दुसरी एक चौकट होती, दस्ता धरणारी. पण क्लबाचं म्हणणं वेगळं होतं. राग चूक दाखवल्याचा नव्हता, सगळ्यांसमोर दाखवल्याचा होता. नवऱ्याने विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर?" मी म्हटलं, तशीच दाखवीन, आणि थोडी लवकर.

क्लबाची यादी आधीच गेली होती, म्हणून शरदातल्या स्पर्धेत मी स्वतंत्र स्पर्धक म्हणून अर्ज भरला. नियमात बसत होतं. फक्त तसं कुणी करत नसे. प्रशिक्षकांच्या सहीची एक जागा होती. मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. ते दोन मिनिटं वाचत राहिले आणि मग सही केली. पेन परत देताना त्यांनी मला पहिल्यांदा माझ्या आडनावाने हाक मारली. मी ती ऐकली आणि पेन बॅगेत टाकलं. आभार मानले नाहीत. जे आधीपासून माझंच होतं, त्याचे आभार कसले?

स्पर्धेच्या दिवशी पहिले दहा छर्रे वाईट गेले. हॉल मोठा, दिवे वेगळे, आणि माझी नाडी कानांत वाजत होती. तेव्हा मात्र दोष खरोखर माझाच होता, आणि ते कळल्याचाही एक आधार असतो. आपली चूक आपल्याला दुरुस्त करता येते. मी रायफल खाली ठेवली, पाणी प्याले, पाय पुन्हा मांडले. पुढचे तीस छर्रे मी आयुष्यात झाडलेल्या सर्वांत चांगल्या छर्ऱ्यांत होते. तेवीस बायकांत मी सातवी आले.

निकालाच्या फळ्यावर माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. कताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, मराठी आडनाव लिहायचं म्हणजे दोन अक्षरं कमी-जास्त होणारच. लोक बॅगा भरून निघत होते. नवरा म्हणाला, "राहू दे ना. सातवा नंबर तर बरोबर आहे." मी फळ्याजवळ बसलेल्या बाईंकडे गेले, एका कागदावर माझं आडनाव सुटंसुटं लिहिलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी माफी मागितली, खडू घेतला, पुसलं आणि पुन्हा लिहिलं. दीर्घ स्वराची एक रेघ राहिली. मी ती बोटाने दाखवली. त्यांनी तीही ओढली. मग मी रायफलीची बॅग खांद्याला लावली आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.